थापाड्या शुद्धीवर आहे

सान रोमुआल्दो गावात बुरशीला कोणी शत्रू मानत नसे. हिवाळ्यात डुक्कर कापलं की घरोघरी सॉसेजं भरायची, तळघरात बांबूला टांगायची आणि त्यांच्यावर पांढरी लव धरेपर्यंत धीर धरायचा, अशी तिथली रीत. लव शुभ्र आणि एकसारखी आली की घरची बाई काहीतरी निमित्त काढून शेजारणींना तळघरात घेऊन जाई. हिरवी आली तर मात्र तळघराला कुलूप लागे आणि पाहुण्यांना यंदा बिस्किटांवर भागवावं लागे.

त्यामुळे डॉक्टर झुनिनोंनी देल्मिराला अतिदक्षता विभागाच्या दारात गाठून, "तुमच्या नवऱ्याच्या फुफ्फुसात बुरशी धरली आहे," असं सांगितलं, तेव्हा देल्मिराने सगळ्यात आधी विचारलं, "कुठल्या रंगाची?"

"रंगाचं काय घेऊन बसलात? घरात कुठे ओल आहे का? कुजलेला पेंढा, जुनं धान्य, असं काही?"

"माझं तळघर येऊन बघा," देल्मिरा म्हणाली. "भिंतीला जीभ लावून बघा हवं तर."

गिल्दो ब्रुस्किनी शेजारी काखेत माते चहाचा थर्मास धरून उभा होता. चौकातल्या औषधाच्या दुकानात हयात घालवून तो निवृत्त झाला होता, त्यामुळे त्याला बुरशीचं लॅटिन नावही ठाऊक होतं. ते त्या वेळी उच्चारून कुणाचंही भलं होणार नव्हतं. आत पलंगावर निजलेला ओविदिओ ब्रेस्सान हा देल्मिराचा नवरा, पण गिल्दोचा भिडू. गावाच्या क्लबात ओविदिओ आणि गिल्दो समोरासमोर बसून पत्त्यांचा ट्रुको खेळत आले होते, आणि यातलं कुठलं नातं अधिक जवळचं यावर देल्मिरा आणि गिल्दो यांचा जुना वाद होता.

"तळघराचा काही दोष नाही हो," डॉक्टर म्हणाल्या. "हे बीज हवेतच असतं. तुम्ही, मी, हे गिल्दो, बोलता बोलता आपण ते आत ओढतोय. धडधाकट फुफ्फुस ते झाडून बाहेर टाकतं. पण फ्लूनं ओविदिओंच्या श्वासनळीचं अस्तर खरवडून काढलंय. त्यात सूज उतरावी म्हणून आम्ही स्टिरॉइड दिलं, त्यानं पहारेकरी झोपले. दार मोडलेलं, पहारा झोपलेला. कोण आत येणार नाही?"

"म्हणजे दार तुम्हीच उघडलंत."

"दार फ्लूनं उघडलं. आम्ही फक्त दिवा मालवला," डॉक्टर झुनिनो म्हणाल्या. त्या लहानपणी खोकल्याच्या औषधासाठी गिल्दोच्या दुकानात यायच्या आणि तेव्हाही खरं बोलायच्या. कडू आहे, असं सांगून जायच्या आणि पुन्हा यायच्या. "आता बुरशीवरचं औषध सुरू करतोय. चांगलं औषध आहे. फ्लू गेला, बुरशी आली, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना, पण हा महिना काढता येतो."

आणि तो महिना निघायलाही लागला. ओविदिओच्या गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवली होती, बोलता येत नव्हतं, पण ऑक्सिजन कमी कमी करत आणला होता. झोपेचं औषध बंद झालं. डोळे उघडले. गावातल्या दोन्ही प्रार्थनागृहांनी याचं श्रेय घेतलं.

मग तोंड वाकडं व्हायला लागलं.

आधी ते परिचारिकेने पाहिलं. ओविदिओच्या ओठाचा उजवा कोपरा झटकन वर जाई. मग दोन्ही भुवया उडत. मग एक डोळा मिटे. थोडं थांबून पुन्हा तेच. डॉक्टर आल्या की कधी हे सगळं बंद होई आणि तो दोन्ही डोळे घट्ट मिटून घेई, हाक मारली तरी उघडत नसे.

डॉक्टरांनी देल्मिराला बाकावर बसवलं. डॉक्टरांनी बसवलं की गावात लोक आपणहून रडायला लागत. देल्मिरा रडली नाही. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली.

"झटके असू शकतात," डॉक्टर म्हणाल्या. "औषधामुळे असतील. किंवा बुरशी रक्तातून मेंदूत चढली असेल. ते बघायला डोक्याचा स्कॅन हवा."

स्कॅनचं यंत्र त्या रुग्णालयात होतं. त्याचं उद्घाटन दोनदा झालं होतं, आणि त्या दोन उद्घाटनांच्या मधे काही काळ ते चाललंही होतं.

"म्हणजे मोठ्या शहरात, परानाला न्यावं लागणार," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या सकाळी. त्यासाठी पुन्हा गाढ झोपवून मशीनवर घ्यावं लागेल. खोटं नाही सांगत. या फुफ्फुसाला घेऊन त्या रस्त्यानं अ‍ॅम्ब्युलन्स न्यायची, यात धोका आहे. एकदा झोपवलेला माणूस पुन्हा मशीनवरून सुटेलच असं नाही. पण मेंदूत बुरशी असेल आणि आपण इथेच बसून राहिलो, तर तो खात्रीचा मृत्यू. तुमचा होकार लागेल."

देल्मिराने होकार दिला नाही, नकारही दिला नाही. ती उठली आणि सरळ गिल्दोच्या घरी गेली.

गिल्दो अंगणात संत्र्याच्या झाडाखाली काहीही न करता बसला होता. क्लबची ट्रुकोची हिवाळी स्पर्धा तोंडावर आली होती. त्याला दुसरा भिडू देऊ केला होता आणि त्याने तो नाकारला होता. विधुर माणूस दफनाहून परस्पर नाचायला जात नाही, असं तो क्लबच्या चिटणिसाला म्हणाला होता, आणि ओविदिओ अजून मेला नाही याची चिटणिसाने आठवण करून दिल्यावर त्याच्याशी बोलणं सोडलं होतं.

"चल, ऊठ," देल्मिरा म्हणाली. "त्याला परानाला न्यायचं म्हणतात."

"कशाला?"

"तोंड वाकडं करतोय. डोक्यात गेलंय म्हणे. मला काही समजत नाही. तू औषधं विकायचास, तुला कळेल."

"मी विकायचो, देल्मिरा. लोक बरे का होतात ते मला कधीच कळलं नाही."

"मग नुसता येऊन बघ. मी एकटीनं त्याला गाडीत घालायला हो म्हटलं आणि तो वाटेत गेला, तर जन्मभर मला ते तोंड दिसत राहील."

रुग्णालयात थर्मास दाराशी काढून घेतला गेला. झगा, टोपी, मुखपट्टी चढवून गिल्दो पलंगाशी उभा राहिला. ओविदिओ वाळला होता. कोंबड्यांच्या शेडमधून दुपारी हाफपँटवर बाहेर येणारा तो दांडगा माणूस उशीवर अर्धाच उरला होता. गिल्दोने मुखपट्टी आणखी वर ओढली, आणि ती किती सोयीची वस्तू आहे हे त्याला प्रथमच जाणवलं.

"बघा, हे असं होतं," परिचारिका म्हणाली.

भुवया उडाल्या. ओठ उजवीकडे गेला. डोळा मिटला.

गिल्दो बघत राहिला. पुन्हा भुवया, ओठ, डोळा. मग गिल्दो हसायला लागला. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि परिचारिकेने तत्परतेने खुर्ची पुढे केली. नातेवाइकांचं असं होतं, हे तिला माहीत होतं.

"देल्मिरा," तो म्हणाला, "हा खुणा करतोय! तलवारीचा एक्का, तलवारीची सत्ती, सोट्याचा एक्का! अगं उभ्या जन्मात याला असा हात आला नाही!"

ट्रुकोत तलवार, सोटा, पेला आणि सोनं अशा चार रंगांची चाळीस पानं असतात आणि प्रत्येकाला तीन मिळतात. आपल्याला काय आलंय हे समोरच्या भिडूला चेहऱ्याच्या खुणांनी कळवायचं असतं आणि ते नियमात बसतं. भुवया उडवल्या की तलवारीचा एक्का, सगळ्या पानांचा बाप. डोळा मारला की सोट्याचा एक्का. ओठ उजवीकडे ओढला की तलवारीची सत्ती. खालचा ओठ चावला की तिर्री. दोन्ही डोळे मिटले की "मी आंधळा, माझ्याजवळ काही नाही". विरोधकांचं लक्ष नसताना खूण खरी करायची. ते बघत असतील तर खोटी करायची, आणि हेही नियमात बसतं. हा खेळ सान रोमुआल्दोत मुलं प्रार्थनेच्या आधी शिकतात.

डॉक्टर झुनिनो स्वतः दर शनिवारी दिरांबरोबर ट्रुको खेळत. त्या देशात भुवया उडवलेल्या माणसाकडे पाहून तलवारीचा एक्का न आठवणारा माणूस सापडायचा नाही. पण त्याच माणसाला पलंगावर निजवून गळ्यात नळी घातली, की भुवई मज्जासंस्थेच्या मालकीची होते.

त्यांनी गिल्दोचं ऐकून घेतलं. त्या हसल्याही. मग हाताची घडी घालून पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

"मला पटायला आवडेल, गिल्दो. खरंच. पण मेंदू बिघडलेला माणूसही जुन्या सवयी गिरवतो. माझे आजोबा शेवटी शेवटी हवेतल्या गाईचं दूध काढायचे. धारही बघायचे बादलीत."

"मग परीक्षा घ्या. मी पान दाखवतो, तो खूण करेल."

गिल्दोने झग्याखाली हात घालून पत्त्यांचा जोड काढला. क्लबचा जोड होता तो, कडा काळवंडलेल्या, तेलकट. डॉक्टर एक पाऊल मागे सरकल्या.

"तो आधी बाहेर न्या. त्याच्यावर जे वाढतंय त्याच्यावर अजून औषध निघालेलं नाही."

त्यांनी ड्युटी रूमच्या कपाटातून नवा कोरा जोड मागवला. तो मुलांच्या वॉर्डासाठी घेतलेला होता, असं त्यांनी कुणी विचारलं नसताना सांगितलं.

गिल्दोने तलवारीचा एक्का निवडून ओविदिओच्या डोळ्यांसमोर धरला. ओविदिओने पानाकडे पाहिलं. गिल्दोकडे पाहिलं. नजर हळूहळू पायथ्याशी हाताची घडी घालून उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे गेली. मग त्याने दोन्ही डोळे मिटून घेतले.

"आंधळा," डॉक्टर म्हणाल्या. "चूक. पुढचं."

तलवारीची सत्ती. ओविदिओने खालचा ओठ चावला.

"तिर्री. चूक."

पेल्याची चौकी. सबंध जोडात याहून भिकार पान नाही. ओविदिओच्या भुवया केसांपर्यंत उडाल्या.

"तीनही चूक, गिल्दो."

"अहो, तो खोटं बोलतोय!"

"कशावरून?"

"कारण तो ओविदिओ आहे!"

"हे निदान मला वरिष्ठांना सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. "एकही खूण बरोबर नाही, हे विचित्र आहे, मान्य. पण त्याला पान नीट दिसत नसेल. या औषधानं डोळ्यांना भलतंसलतं दिसतं. किंवा काहीच कळत नसेल. तुमच्या शब्दावर मी याचा मेंदू पणाला लावू?"

"मी दाखवते," देल्मिरा पुढे आली. "माझ्याशी खरं बोलेल."

गिल्दोने नुसतं तिच्याकडे पाहिलं.

"बरं, नाही बोलणार," देल्मिरा म्हणाली. "लग्नाआधी सांगितलं होतं, गिटार वाजवतो म्हणून. अजून वाट बघतेय."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. परानाला फोन करायचा होता. गिल्दो हातात पेल्याची चौकी धरून उभा राहिला. जन्मभर त्याने या माणसाच्या थापांवर डाव जिंकले होते. एवढ्या मोठ्या मासळीच्या, विमानातून पाहिलेल्या व्हेल माशाच्या, कोंबडीने दिलेल्या तीन बलकांच्या अंड्याच्या थापा पचवल्या होत्या. आता तीच थाप ओविदिओला गाडीत घालून न्यायला निघाली होती. आणि थापाड्या शुद्धीवर आहे हे सिद्ध करायचं कसं? तो खरं बोलला असता तर प्रश्नच नव्हता.

त्याने पलंगाकडे नीट पाहिलं. उशीवर ओविदिओ. बाजूला तो स्वतः. आणि पायथ्याशी, थेट विरोधकाच्या नजरेने, हाताची घडी घालून सगळं टिपून घेणारी बाई.

"डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "तुम्ही चुकीच्या खुर्चीवर आहात."

"मी उभी आहे."

"म्हणूनच. बसा. इथे." त्याने परिचारिकेने दिलेली खुर्ची ओविदिओच्या समोर सरकवली, अगदी त्याच्या डोळ्यांत डोळे येतील अशी. ती भिडूची जागा होती. ती देताना गिल्दोला जे वाटलं ते त्याने पुढेही कुणाला सांगितलं नाही. मग तो ओविदिओवर ओणवा झाला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने बोलला.

"ओविदिओ, ऐक. आजपासून मी तुझा भिडू नाही. या तुझ्या भिडू. मी आणि देल्मिरा विरुद्ध. कळलं?"

ओविदिओ त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. घरच्या कुत्र्याने मालकाला ओळखावं आणि ठरवून शेपूट हलवू नये, तशी ती नजर होती.

"एकच डाव," डॉक्टर म्हणाल्या. पण खुर्ची पुढे ओढून त्या बसल्या. पत्ते त्यांनी स्वतः पिसले, आणि चांगले पिसले. शनिवार वाया गेले नव्हते. ओविदिओची तीन पानं त्यांनी त्याच्यासमोर अशी धरली की त्यांना स्वतःला फक्त पाठी दिसत होत्या. आपली तीन चादरीवर पालथी ठेवली. गिल्दो आणि देल्मिराला पलंगाच्या दोन बाजूंना तीन तीन पानं मिळाली.

गिल्दोने ओविदिओवर नजर रोखली. ओविदिओने दोन्ही डोळे मिटले. आंधळा. काही नाही.

"हं," गिल्दो म्हणाला आणि आपली पानं बघायला मान खाली घातली.

तेवढ्यात डॉक्टरांनी पाहिलं. ओविदिओचे डोळे उघडले, एकदा गिल्दोकडे, एकदा देल्मिराकडे गेले, दोघंही पानांत गुंतली आहेत याची खात्री करून घेतली. ओठाचा उजवा कोपरा झटकन वर गेला. मग त्याने खालचा ओठ चावला. मग परत डोळे मिटून तो थडग्यावरच्या संतासारखा निजून राहिला.

तलवारीची सत्ती आणि एक तिर्री. आणि तिसऱ्या पानाबद्दल मौन.

डॉक्टर झुनिनोंनी खुर्चीत पाठ सरळ केली.

"ट्रुको," त्या म्हणाल्या.

ट्रुको म्हणजे ललकारी. घेतली तर डावाची किंमत वाढते, नाहीतर पानं टाकून मोकळं व्हायचं. गिल्दो विचारात पडला. ओविदिओने आंधळ्याची खूण आपल्यासमोर केली, म्हणजे त्याच्याजवळ काहीतरी आहे. पण आपण असा विचार करणार हे त्याला माहीत आहे, म्हणजे काही नाही. पण आपल्याला हे माहीत आहे हेही त्याला...

"ठरवतोस की याला घरी नेऊन विचारतोस?" देल्मिरा म्हणाली.

"घेतलं!"

गिल्दोने दुर्री टाकली. डॉक्टरांनी ओविदिओसमोर पानं एकेक पुढे केली. दुसऱ्या पानाला त्याने पापणी लववली. ती तिर्री निघाली, आणि पहिला हात ओविदिओच्या बाजूला गेला. देल्मिराने राजा टाकला तो फुकट. दुसऱ्या वेळी ओविदिओने पहिल्याच पानाला पापणी लववली. डॉक्टरांनी ते उलटं केलं. तलवारीची सत्ती. दुसराही हात त्यांनाच गेला, आणि डाव संपला.

डॉक्टरांनी उरलेलं तिसरं पान उलटलं. सोन्याची पंजी. असल्या पानाला ट्रुकोत खूणच नाही, आणि ओविदिओने ती केली नव्हती.

मग त्यांनी पानं गोळा करून चादरीवर ठेवली.

"भिडूला खरं सांगितलं, विरोधकाला खोटं, आणि नजर चुकवून," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "एवढं करायला मेंदू शाबूत लागतो. माझ्या धाकट्या दिराला जमत नाही." त्या उठल्या. "पराना रद्द. झोपवायचं नाही."

देल्मिराने पर्स उघडली, रुमाल काढला आणि मगच रडली. आधी रडली असती तर रुमाल शोधावा लागला असता.

डॉक्टर पुन्हा वाकल्या. "ओविदिओ, आता मी तुमची भिडू आहे, तेव्हा खरं सांगा. तुम्हाला रंग भलतेच दिसतात? हो असेल तर तलवारीचा एक्का."

भुवया उडाल्या.

"इथे नसलेली माणसं दिसतात?"

डोळा मारला. सोट्याचा एक्का.

"याचा अर्थ काय धरायचा?"

"दिसतात," गिल्दो म्हणाला, "पण फार महत्त्वाची नसावीत."

"ते औषधाचंच आहे. रक्तात किती साठलंय ते बघते, मात्रा उतरवू. पण बंद नाही करायचं. बुरशी अजून आत आहे आणि ती काही एका डावात जात नाही. आठवडे लागतील. आणि उद्यापासून रोज तपासणार, झटके नाहीत ना ते. एवढ्यानं माझं समाधान झालंय, खात्री नाही." मग त्या म्हणाल्या, "चांगली हिंमत लागते हो, हातात सत्ती असताना मेल्यासारखं पडून राहायला."

बाहेर बाकावर देल्मिराने गिल्दोला त्याचा थर्मास परत मिळवून दिला. दोघांनी माते घेतला. पाणी गार झालं होतं.

"एक सांग," ती म्हणाली. "आम्ही कुणी पत्ते दाखवले नव्हते, तेव्हा तो एवढे दिवस त्या नर्सला कुठला हात दाखवत होता? तीन बड्या पानांचा?"

गिल्दोने याचा विचार केला होता. "भिडू असा हात दाखवतो तेव्हा त्याचं म्हणणं असतं, पानं टाकू नका. माझ्याजवळ आहे. खेळत राहा."

"आणि होतं का त्याच्याजवळ?"

"त्या वेळी? ती फुफ्फुसं घेऊन?" गिल्दोने मातेची नळी चोखली. "काय ते त्यालाच माहीत."

दुसऱ्या दिवशी गिल्दो गेला तेव्हा त्याच्या खुर्चीवर डॉक्टर झुनिनो बसल्या होत्या. त्यांची जेवणाची सुट्टी होती. तो पलंगाच्या बाजूला, विरोधकाच्या जागी बसला आणि हरला. त्यानंतरही जवळजवळ रोज हरला. क्लबात त्याने चिटणिसाशी पुन्हा बोलणं सुरू केलं, ते मुख्यतः आपण किती वाईट हरतो ते सांगण्यासाठी. ऐकणाऱ्यांना वाटलं, माणूस जिंकल्याचं सांगतोय.

ओविदिओ खुर्चीत बसायला लागला. रंग जागेवर आले, माणसं आपापल्या घरी गेली. पुढच्या तपासणीत बुरशी हटत चालल्याचं दिसलं आणि डॉक्टरांनी गळ्याच्या नळीला एक छोटी झडप बसवली. आता प्रयत्न केला तर बोलता येईल, म्हणाल्या, पण थोडंच.

देल्मिरा पलीकडे बसली होती. पहिला शब्द आपल्या नावाचा असणार, अशा बेताने तिने केस विंचरले होते. पण गिल्दोला धीर निघाला नाही.

"ओविदिओ," तो पुढे वाकून म्हणाला, "खरं सांग. त्या नर्सला तू जो हात दाखवत होतास, तो होता का तुझ्याजवळ?"

ओविदिओने श्वास घेतला. घशात काहीतरी खरखरलं. मग, गंजलेल्या बिजागरीसारख्या आवाजात, पण एकेक शब्द स्पष्ट उच्चारत तो म्हणाला,

"तू आता माझा भिडू नाहीस. तुला कशाला सांगू?"